हवा मर्यादेत आहे

९ फेब्रुवारी

बारक्या,

वर काय लिहावं यातच बराच वेळ गेला. 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मग 'माननीय साहेब' लिहिलं, तर आई खाटेवरून म्हणाली, "टोमणे मारायला लिहितेयस की कामासाठी?" म्हणून नुसतंच बारक्या. फोन करत नाही, कारण फोनवर मी भांडते आणि तू मध्येच ठेवून देतोस. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं.

काम असं आहे. आपल्या मागचा कचरा डेपो बंद झालेला नाही. तू नोकरीला गेलास तेव्हाच तो भरला होता. नगरपालिकेने नंतर फलक लावला, 'येथे कचरा टाकण्यास मनाई आहे', आणि त्याच फलकाला वळसा घालून गाड्या आत जातात. डोंगर आता पाण्याच्या टाकीच्या वर गेलाय. आत कुठेतरी धुमसत असतो. ज्वाळा दिसत नाहीत, धूर तेवढा दिसतो. संध्याकाळी वारा फिरला की तो धूर आमच्या घरांच्या ओळीवर उतरतो आणि सकाळपर्यंत हलत नाही. शाळेचे गणवेश शिवून झाले की मी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधते, तरी मागच्या खेपेला शाळेने अख्खा गठ्ठा परत पाठवला. कपड्यांना वास येतो म्हणे. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय, पण तो विषय आज काढणार नाही.

कोपऱ्यावरच्या मास्तरांनी, ज्यांनी तुला गणित शिकवलं त्यांनी, गल्लीची समिती काढली आहे. त्यांचं म्हणणं, प्रदूषण मंडळाला सगळे अधिकार आहेत. हवा मोजायची, नोटीस द्यायची, नाही ऐकलं तर फाटकाला कुलूप लावायचं. "आपलाच मुलगा मंडळात निरीक्षक आहे आणि आपण दारोदार हिंडतोय," असं म्हणाले. मी म्हटलं, तो आपला आहे का ते आधी त्याला विचारा.

तर हे पत्र अधिकाऱ्याला आहे, भावाला नाही. कुणालातरी पाठव आणि हवा मोजून घे.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे, तो काय सगळ्यांनाच आहे.

ताई


२ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं, समितीच्या नावावर. शिक्का छान उमटलाय. 'आपली तक्रार पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' आईने दोनदा वाचायला लावलं. मग विचारते, "यात आपल्याबद्दल काहीच कसं नाही?" मी सांगितलं, हे सरकारी आहे, यात आपण नसतोच.

पण माणूस खरंच आला, त्याबद्दल आभार. कसा आला ते ऐक. आदल्या दिवशी ठेकेदाराच्या गाड्यांनी कचरा न आणता माती आणली. दिवसभर डोंगरावर माती पसरत होते. वरून काहीतरी सुवासिक फवारलं. संध्याकाळी वास असा सुटला की कुणी आजारी माणसाला अत्तर लावून बसवावं. सकाळी साहेब आले. फाटकावरच्या ऑफिसात पंख्याखाली बसले, आणि हवा मोजायचं यंत्र त्या ऑफिसच्या दारात ठेवलं. सकाळी वारा फाटकाकडून डोंगराकडे वाहतो हे तुला सांगायला नको. त्या दाराशी शहरातली सगळ्यात चांगली हवा असते.

मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, गल्लीत चला, संध्याकाळपर्यंत थांबा." साहेब म्हणाले, "जागा नियमाने ठरते." आई काठी टेकत तिथवर गेली होती. ती नुसती खोकली. तो खोकला थांबेपर्यंत साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले.

अहवाल आला. हवा मर्यादेत आहे.

मर्यादा म्हणजे नेमकं काय असतं रे? मास्तरांनी समजावलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे अजून थोडं सोसता येईल, असं असेल."

ताई


२७ मार्च

बारक्या,

या वेळी तुझ्या अक्षरातलं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर वर चढत जाते.

आई कुठल्या वॉर्डात आहे असं विचारलंस, म्हणजे मास्तरांनी तुला कळवलं. मी कळवणार नव्हते. दम लागून ओठ काळे पडायला लागले म्हणून दाखल केलं. आता घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात, जागा बदला. मी म्हटलं, डॉक्टर, इथे आम्हीच आधी आलो होतो, डेपो नंतर आला. ते म्हणाले, मी औषधांपुरतं सांगतो.

तू लिहिलंस, 'तेव्हाच माझ्याकडे राहायला आला असतात तर.' आता तू विषय काढलासच, तर सांगते. तुझ्या लग्नाच्या दिवशी तू हॉलच्या दारात दोन पिशव्या घेऊन उभा होतास. आत नवे कपडे. म्हणालास, "ताई, आधी मागच्या खोलीत जाऊन बदला. घरच्या कपड्यांना वास येतो, तिकडच्या लोकांना कळेल." ते घरचे कपडे नव्हते. मी तुझ्या लग्नासाठी शिवले होते. आईने बदलले आणि जेवायलाही बसली. मी तिथूनच परत फिरले. तुझ्या घरी राहायला यायचं म्हणजे रोज दारात पिशवी घ्यायची, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. आईला कधीच वाटलं नाही. ती म्हणते, "त्याला लाज वाटली, तर ती आपली नाही, डेपोची."

आता कामाचं. तू स्वतः येणार, हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्याचं घर तिथे आहे त्याने तपासणीला जायचं नाही असा तुमचा नियम आहे, आणि तू वरती हे सांगितलेलं नाहीस, हे समजलं. कुणाला कळता कामा नये, हेही समजलं. आपलं आडनाव इथे दर चौथ्या दारावर आहे, तेवढं बरं. मास्तर सगळ्यांना गप्प करतील. किराणावाल्याची मला धास्ती आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही. पण त्यालाही दमा आहे, म्हणून राहील.

ताई


१८ एप्रिल

बारक्या,

तू गाडीत बसून गेलास, त्यानंतर इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. आधीचंही लिहिते, कारण मला ते नीट आठवून ठेवायचंय.

अख्खी गल्ली त्या दिवशी खोटं वागली आणि कुणी चुकलं नाही. किराणावाला, ज्याने तू गोळ्या चोरल्यास म्हणून तुझा कान पिळला होता, तो "नमस्कार साहेब" म्हणून बाजूला सरकला. मास्तरांनी विचारलं, "आपलं शिक्षण कुठे झालं?" मला वाटलं आता हे हसणार. तू तोंडाला मास्क लावून, मागे नगरपालिकेचे इंजिनिअर आणि ठेकेदाराचा मॅनेजर घेऊन दारोदार फिरत होतास, आणि मला कळलं की तू यंत्र आपल्याच गच्चीवर ठेवणार. मॅनेजर म्हणाला, "साहेब, जागा फाटकावर ठरलेली आहे." तू म्हणालास, "जिथे माणसं श्वास घेतात तिथे मोजायचं, असं नियमात आहे. पान काढून दाखवू?" तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुला शिकवलं ते वाया गेलं नाही.

मग तू आपल्या दारात आलास. आईला मी खुर्चीत बसवलं होतं. केस विंचरले होते. तू हातात फॉर्म घेऊन विचारलंस, "आजी, नाव काय?"

तिने नाव सांगितलं.

"इथे किती वर्षं राहता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि ही मुलगी. एक मुलगा आहे, तो बाहेरगावी मोठ्या जागेवर आहे."

"येतो का?"

हे फॉर्मवर नव्हतं. मी मागून फॉर्म बघितला होता.

आई म्हणाली, "कामात असतो हो. पण त्याचं लक्ष असतं." मग म्हणाली, "साहेब, उन्हातनं आलात, पाणी घ्या." मॅनेजर म्हणाला, "साहेब बाहेरचं पीत नाहीत." आणि तू मास्क खाली केलास आणि प्यायलास. तेवढा वेळ ती तुझ्याकडे बघत होती. मी आत जाऊन शिलाई मशीनवर बसले आणि कापड नसतानाच पाय मारत राहिले, कारण मला आवाज हवा होता.

तू गेल्यावर मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बारीक झालाय. पण बोलतो छान." मग दिवसभर खोकली नाही असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. खोकली. फक्त खोकल्याचा तिला राग नव्हता.

इंजिनिअरने जाताना मला विचारलं, "तुमच्या घरालाच साहेबांनी एवढा वेळ का दिला?" मी म्हटलं, "म्हातारं माणूस बघून दिला असेल. तुम्हालाही देता आला असता."

त्या कपड्यांचं आता सोडून दे. मी सोडलं.

तुझी ताई


२५ मे

प्रिय बारक्या,

कुलूप लागलं. तुझ्या मंडळाचा माणूस आला, फाटकाला साखळी घातली, लाखेचा शिक्का मारला आणि आदेश चिकटवून गेला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. 'हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण मर्यादेच्या अनेक पट' इथे त्यांचा आवाज गेला, पुढचं किराणावाल्याने वाचलं. खाली तुझी सही होती. बायका येऊन सहीवर बोट फिरवून गेल्या.

गाड्या नाहीत. आग विझवायला मातीचे थर घालतायत, या वेळी खरे. मी मागची खिडकी उघडली. ती इतकी वर्षं बंद होती की बिजागरी हातात आली. आता खिडकी आहे पण पल्ला नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आईला पुन्हा दाखल केलंय, पण काळजी करू नकोस, या वेळी लवकर नेलं. वॉर्डात सगळ्यांशी गप्पा मारते. नर्सबाईंना म्हणाली, मला घरी सोडा, आमच्याकडे आता हवा आली आहे.

ताई


२० जून

बारक्या,

तुझं पत्र वाचलं. दोनच ओळी होत्या. कुणी सांगितलं, एवढंच विचारलंस.

मी सांगितलं. साहेब माझा भाऊ आहे, असं बाजारात कुणाशी तरी बोलताना निघून गेलं तोंडातून. कुठे, कुणाशी, ते विचारू नकोस, मला आठवत नाही. तुला निलंबित केलंय हे मास्तरांना वर्तमानपत्रातून कळलं. 'निरीक्षकाचा स्वतःच्याच घरावर बनावट अहवाल.' बनावट कशाला? यंत्राला काय माहीत घर कुणाचं?

ठेकेदार अपिलात गेला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. साखळी तोडली तेव्हा सगळी गल्ली बघत उभी होती. पहिली गाडी आत गेली, मग दुसरी, मग आम्ही आपापल्या घरी गेलो. खिडकीला मी पोतं ठोकलं आहे.

नवीन साहेब येऊन मोजून गेले. फाटकावर, सकाळी. हवा मर्यादेत आहे.

तुला जे काही म्हणायचंय ते मला म्हण. आईला काही लिहू नकोस. तिला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

ताई


११ ऑगस्ट

बारक्या,

हे पत्र मास्तर स्वतः तुझ्या हातात देतील. वाचून झालं की त्यांच्यासमोरच फाड. मागचीही सगळी फाड. ठेवली असशील, मला माहीत आहे.

तुझे वकील मास्तरांकडे येऊन मला भेटले. बरा माणूस आहे, खोकला आला तरी उठून गेला नाही. त्यांनी उद्याच्या चौकशीचं सगळं समजावलं. चौकशीत मोठा आरोप नियम मोडल्याचा नाही. बहीण-भावाने मिळून कट केला, हा आहे. कट सिद्ध झाला तर नोकरी जाईल आणि खटलाही होईल. नाही झाला तर ठपका ठेवतील आणि कुठेतरी जुन्या कागदांच्या खोलीत बसवतील. म्हणून मी शपथेवर सांगायचं की लग्नापासून आपलं येणं-जाणं नाही, बोलणं नाही, पत्र तर कधीच नाही. ते म्हणाले, "अर्धं खरंच आहे ताई. उरलेलं अर्धं सांभाळून घ्या."

मी विचारलं, आई गेली तेव्हा तो आला होता, सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवून बसला होता, त्याचं काय? ते म्हणाले, त्याने काही बिघडत नाही, तुटलेली माणसंही त्या दिवशी येतात. त्यांच्याकडे सगळ्याचा हिशेब लावलेला आहे.

तर उद्यानंतर मी तुला लिहू शकणार नाही. किती दिवस ते त्यांनाही सांगता आलं नाही. ठेकेदाराची माणसं नजर ठेवून असतात म्हणाले. म्हणून जे राहिलंय ते आज सांगते.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं.

वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. दोघींची चांगली गट्टी जमली होती. त्या बाईचा मुलगा तिला भेटायला येत नव्हता, आणि ती रडत होती. तिची समजूत काढायला आई म्हणाली, "माझाही येत नव्हता. पण आला. साहेब होऊन आला, माझ्या हातचं पाणी पिऊन गेला, आणि त्या डेपोला कुलूप लावलं." त्या बाईचा जावई ठेकेदाराच्या वजनकाट्यावर कामाला आहे. आईला ते ठाऊक नव्हतं. बाईनेही वाईट मनाने सांगितलं नसेल, कौतुकानेच सांगितलं असेल. मी डबा घेऊन दारात उभी होते, ऐकलं. थांबवू शकले असते, पण तिचा चेहरा बघून थांबवलं नाही. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ती घरी आली होती, मी तिला सांगितलं की त्या आग विझवायला माती आणतायत. तिने मान हलवली. वास तिलाही येत असणार.

हे तिच्यावर ढकलायला सांगत नाही. तू मला दोष देत बसला होतास, ते चाललं असतं. पण तू तिच्याबद्दल काही न कळता राहावास, हे मला पटेना.

आता इथलं. मागच्या आठवड्यात दाराला नोटीस लावली. मला वाटलं डेपोची आहे. नाही, आपली आहे. डेपोपासून ठरावीक अंतरात राहती घरं असू नयेत असा नियम आहे, आणि त्यांनी मोजलं तर आपली ओळ त्या अंतराच्या आत येते. म्हणून घरं बेकायदा. मास्तरांनीच तो नियम शोधून काढला होता. आपल्या प्रत्येक अर्जात सगळ्यात वर तो लिहिला होता, डेपो हलवावा म्हणून. त्यांनी नोटीस वाचली. समितीची पाटी त्यांनी स्वतः उतरवून ठेवली. मी त्यांना म्हटलं, अपील करू. ते म्हणाले, "पोरी, आता ते आपलंच वाक्य आपल्याला वाचून दाखवतायत. त्यावर काय अपील करू?" किराणावाल्याने दुकान आवरायला घेतलंय. मला शाळेचं काम आता मिळत नाही, पडदे शिवते. कुठे जाणार ते ठरलेलं नाही. तुझ्याकडे येऊ शकत नाही. पूर्वी मला यायचं नव्हतं, आता आले तर तुझी नोकरी जाईल. बघ कसं आहे ते.

मी तालीम केली आहे. ते विचारतील, हे तुमचे कोण? मी सांगेन, सख्खा भाऊ, पण नावापुरता. का, तर लग्नात आमचा अपमान केला, कपडे बदलायला लावले. ते मी नीट सांगेन, त्याचा राग कसा असतो ते मला पाठ आहे. आजारी आईकडे कधी फिरकला नाही, असं सांगेन. तपासणीला आला तेव्हा तिला ओळखसुद्धा दाखवली नाही, तिचं नाव विचारलं, असं सांगेन. सगळ्या गल्लीने ते ऐकलंय. वकील म्हणाले, तेवढं एक सांगितलंत तरी काम होईल.

तू समोरच बसलेला असशील. मी हे सांगत असताना माझ्याकडे बघू नकोस. खाली बघ, कागद चाळ, काहीही कर. तू बघितलंस तर मला ते पुरं करता येणार नाही.